वऱ्हाडातला र कुणाचा?

'संकेत' हा शब्द मराठीच्या विद्यार्थ्याला परका नाही. काव्यसंकेत, नाट्यसंकेत, लोककथांतले संकेत, भाषा हीच मुळात एक संकेतव्यवस्था असल्याचा सोस्यूरचा सिद्धान्त, हे सारे एम. ए.च्या पहिल्या वर्षातच त्याच्या वहीत उतरते. या शब्दाचा आणखी एक अर्थ मात्र तिथे कधी पोहोचत नाही. आज मराठीत जे लिहिले जाते, त्यातले बहुतेक सारे आधी आकड्यांत लिहिले जाते. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक, आणि त्या क्रमांकांची एक ठरलेली यादी. या यादीला आपण संकेतावली म्हणू. कोणते अक्षर यादीत घ्यायचे, कोणते वगळायचे, कोणते स्वतंत्र मानायचे आणि कोणते दुसऱ्याचे रूप मानायचे, हे प्रश्न लिपिविचाराचे, व्याकरणाचे आणि छंदःशास्त्राचे आहेत. ते 'संगणकवाल्यांचे' म्हणून सोडून देणे ही मराठीच्या अभ्यासव्यवस्थेने गेली चाळीस वर्षे चालवलेली हयगय आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. या लेखात त्या हयगयीची किंमत मांडायची आहे.

या हयगयीच्या समर्थनार्थ पहिले वाक्य नेहमी एकच येते: यंत्र तटस्थ असते, त्याला भाषेचे देणेघेणे नसते. हे वाक्य ज्यांच्या तोंडी असते त्यांनी संकेतावल्यांचा इतिहास वाचलेला नसतो. १९६३ साली अमेरिकेत 'ॲस्की' ही संकेतावली प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली. तीत जागा अवघ्या १२८. त्यांतल्या काही यंत्राला द्यायच्या आज्ञांसाठी राखलेल्या. उरलेल्यांत रोमन अक्षरे, अंक, विरामचिन्हे. इतक्या दाटीतही उलट्या तिरप्या रेघेला एक जागा मिळाली. ही रेघ कोणत्याही भाषेच्या लेखनात नव्हती. ती आली, कारण समितीत बसलेल्या बॉब बेमर या गृहस्थांना 'अल्गोल' या प्रोग्रामिंगच्या भाषेतली 'आणि' व 'किंवा' ही तर्कचिन्हे लिहिता यायला हवी होती. सुलटी आणि उलटी रेघ जवळजवळ ठेवली, की दोन्ही चिन्हे तयार होतात. चिन्हाची गरज असणारा माणूस त्या खोलीत होता, म्हणून चिन्ह यादीत आले. यात गैर काही नाही. पण याला तटस्थता म्हणू नये.

पुढची कथा अधिक बोलकी आहे. ॲस्कीच्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीत काही जागा प्रत्येक देशाच्या मर्जीवर सोडलेल्या होत्या. स्वीडनने चौकटी कंस, महिरपी कंस आणि ती उलटी रेघ काढून तिथे आपले टिंबांचे आणि वर्तुळाचे स्वर बसवले. जपानने उलट्या रेघेच्या जागी येनचे चिन्ह ठेवले. परिणाम असा, की 'सी' या भाषेत लिहिलेला प्रोग्राम स्वीडिश पडद्यावर कंसांऐवजी स्वरांनी भरून जाई. तेव्हा स्वीडिश माणसांनी आपले स्वर टाकून द्यावेत, असे कुणी सांगितले नाही. १९८९ च्या अमेरिकी प्रमाणात 'सी' भाषेनेच तडजोड केली: दोन प्रश्नचिन्हे आणि तिसरे एक चिन्ह मिळून एक कंस समजावा, अशी नऊ जोडचिन्हे तिने स्वीकारली. 'सी++'च्या प्रमाणातून ती निघाली थेट २०१७ साली. ज्यांनी आपल्या अक्षरांचा आग्रह धरला, त्यांच्यासाठी एवढी मोठी भाषा तीन दशके वाकून उभी राहिली.

तिसरे उदाहरण 'एपीएल'चे. केनेथ आयव्हर्सन या गणितज्ञाने १९६२ च्या आपल्या पुस्तकात एक अंकनपद्धती मांडली आणि पुढे आयबीएमच्या यंत्रांवर तिची प्रोग्रामिंगची भाषा झाली. या भाषेत आज्ञा शब्दांनी देत नाहीत, चिन्हांनी देतात. ही चिन्हे कोणत्याच टंकयंत्रावर नव्हती, म्हणून टंकयंत्राचा फिरता गोळाच नवा घडवला गेला. गोळ्यावर जागा ८८. तेवढ्यात सारी चिन्हे मावेनात, तेव्हा एक चिन्ह उमटवून, मागे सरून, त्यावर दुसरे उमटवण्याची युक्ती निघाली. वर्तुळ काढून त्यावर उभी रेघ मारली, की 'क्रम उलटा कर' ही आज्ञा. थोडक्यात, ही चिन्हे म्हणजे त्या भाषेतली जोडाक्षरेच. आणि तरीही १९९३ साली युनिकोडच्या १.१ या आवृत्तीत त्यांना सत्तरच्या आसपास जागा मिळाल्या. रेघ मारलेल्या वर्तुळाला वर्तुळ अधिक रेघ असे मानले गेले नाही. त्याला त्याचा स्वतःचा क्रमांक मिळाला. ती भाषा वापरणाऱ्या माणसांची संख्या एखाद्या भारतीय भाषेच्या तुलनेत नगण्य होती. पण ती माणसे संघटित होती, त्यांची प्रमाणे लिहिलेली होती, आणि यादी तयार होत असताना ती कागद घेऊन हजर होती.

ही यादी आमच्या भागातून कशी दिसते, ते आता पाहू. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात शिकवणाऱ्यांना देवनागरी ही एकट्या मराठीची आणि हिंदीची लिपी आहे, असे समजून चालत नाही. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीचे उल्हासनगर झाले. सिंधी भाषा १९६७ साली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत दाखल झाली. ती अरबी वळणाच्या लिपीत लिहितात, तशी देवनागरीतही. या भाषेत चार व्यंजने अशी आहेत, की ती उच्चारताना हवा बाहेर टाकण्याऐवजी आत ओढली जाते. देवनागरीत त्यांच्यासाठी ग, ज, ड, ब यांच्याखाली आडवी रेघ देऊन चार अक्षरे सिद्ध झाली: ॻ, ॼ, ॾ, ॿ. 'ॻोठु' म्हणजे गाव, 'ॿारु' म्हणजे मूल. गाव आणि मूल हे शब्द जिच्याशिवाय लिहिता येत नाहीत, ती चार अक्षरे युनिकोडमध्ये आली २००६ साली, ५.० या आवृत्तीत. तोवर शिफारस अशी होती, की साध्या व्यंजनाला नुक्ता आणि वेदपाठातली अनुदात्ताची रेघ जोडून काम भागवावे. जिवंत माणसांच्या व्यंजनाला स्वरांकनाची उसनी रेघ! एपीएलच्या जोडचिन्हांना १९९३ साली जो न्याय मिळाला, त्यासाठी उल्हासनगरच्या भाषेला आणखी तेरा वर्षे थांबावे लागले.

मराठीची कथा याहून फार वेगळी नाही. 'ॲ' हे अक्षर पाहा. 'ॲसिड', 'ॲप' हे शब्द मराठी माणूस अ वर चंद्र देऊन लिहितो. युनिकोडच्या पहिल्या यादीत होते ते ए वर चंद्र दिलेले हिंदी वळणाचे 'ऍ'. मराठी 'ॲ' यादीत आला २००८ साली. मधल्या काळात कुणी 'ऍ' वापरला, कुणी 'अ' टंकून त्यावर चंद्र बसवला. हा जोडून केलेला 'अॅ' डोळ्यांना खऱ्या 'ॲ'सारखाच दिसतो, पण युनिकोडच्या लेखी ती दोन वेगळी लेखने आहेत, आणि जोडून करू नये असे तिथे स्पष्ट सांगितलेले आहे. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयाने 'ॲ' आणि 'ऑ' यांना वर्णमालेत रीतसर स्थान दिले. यादीत अक्षर आल्यानंतर एक वर्षाने वर्णमालेत अक्षर आले, हा क्रम विचार करण्यासारखा आहे.

पण आमचा खरा झगडा र शी आहे. मराठीत पुढच्या व्यंजनाला जोडणारा अर्धा र दोन प्रकारे लिहितात. 'सूर्य', 'आचार्य', 'दर्या' यांतला रफार डोक्यावर जातो. 'सुऱ्या', 'आचाऱ्यांना', 'दऱ्या', 'वऱ्हाड', 'बिऱ्हाड' यांतला र पापणीच्या केसासारखा वाकून पुढच्या अक्षराला टेकतो. हा केवळ सजावटीचा फरक नाही. 'आचार्यांना बोलवा' आणि 'आचाऱ्यांना बोलवा' यांत विद्वान आणि स्वयंपाकी एवढे अंतर आहे. दर्या म्हणजे समुद्र. दऱ्या डोंगरांत असतात. आणि छंद शिकवणाऱ्याला हेही ठाऊक असते, की 'दर्या'मधला द आघातामुळे गुरू होतो, 'दऱ्या'मधला द लघूच राहतो. म्हणजे हा फरक अर्थाचा आहे, उच्चाराचा आहे आणि मात्रांचाही आहे. खिळे जुळवण्याच्या काळात या अर्ध्या र चा खिळा वेगळा असे. कंपोझिटर तो उचलून जागेवर ठेवी. तो र चेच रूप आहे की स्वतंत्र चिन्ह आहे, हा प्रश्न त्याला कधी पडला नाही.

संकेतावलीत हा प्रश्न पडणे अटळ होते, आणि त्याचे उत्तर असे निघाले. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' ही संकेतावली तयार झाली: १९८३ चा पहिला मसुदा, १९८८ ची सुधारणा, आणि १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोचे 'आयएस १३१९४' हे मानक. तिची कल्पना उत्तम होती. ॲस्कीच्या १२८ जागांना हात न लावता वरच्या १२८ जागांत भारतीय अक्षरे बसवायची, आणि साऱ्या ब्राह्मीजन्य लिप्यांना एकच आराखडा द्यायचा: देवनागरी क, बंगाली क, तमिळ क एकाच जागी. या समान आराखड्यात द्राविडी भाषांतल्या कठोर र साठी एक जागा होती, आणि तिच्या समोर देवनागरीत 'ऱ' आला. त्याचा पाय मोडला, की मराठीचा वाकडा अर्धा र उमटावा, असे ठरले. १९९१ च्या युनिकोडने देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरून घेतली आणि ही सोयही घेतली. आजही युनिकोडच्या कोष्टकात ०९३१ या जागेवरील 'ऱ'ची ओळख द्राविडी र च्या लिप्यंतरासाठीचे अक्षर अशी आहे. ०बीबी१ वर तमिळचा आणि ०डी३१ वर मल्याळमचा तसाच र बसलेला आहे. वऱ्हाडातला र हा असा दुसऱ्याच्या घरातला भाडेकरू आहे.

भाडेकरू म्हणून का होईना, घर एक असते तर चालले असते. पण त्याला घरे तीन आहेत. पहिले हे: ऱ आणि हलन्त. दुसरे: साधा र, हलन्त आणि त्यापुढे 'झीरो विड्थ जॉइनर' नावाचे शून्य रुंदीचे, कुणालाही न दिसणारे सांधचिन्ह. युनिकोडच्या २.० या आवृत्तीतली ही रीत जुन्या मजकुराची सोय म्हणून अजूनही वैध आहे. तिसरे: र, त्याखाली नुक्ता, मग हलन्त, कारण युनिकोडच्या नियमांनुसार 'ऱ' हा र अधिक नुक्ता यांच्या बरोबरीचा मानला जातो. मराठीला ज्या नुक्त्याची परंपराच नाही, तो आमच्या र च्या पोटात लपलेला आहे. पडद्यावर तिन्ही 'वऱ्हाड' सारखेच. यंत्राच्या लेखी मात्र पहिला आणि तिसरा एकमेकांना ओळखतात; दुसरा दोघांनाही ओळखत नाही.

'दिसते ना बरोबर, मग झाले,' हा हयगयीचा दुसरा युक्तिवाद इथे कोसळतो. वाचकाने स्वतः करून पाहावे. एका फाइलीत 'वऱ्हाड' हा शब्द पहिल्या रीतीने आणि दुसऱ्या रीतीने टंकावा, मग शोध द्यावा. जी साधने आकड्याला आकडा ताडून पाहतात, ती यांपैकी एकच शब्द सापडवून देतील. याउलट जी साधने अदृश्य सांधा हिशेबात धरत नाहीत, त्यांचा घोटाळा आणखी वाईट: सांधा गळला, की दुसऱ्या रीतीचा 'दऱ्या' थेट 'दर्या' होतो. वर्णानुक्रम लावण्याच्या युनिकोडच्या मूळ नियमांत हा सांधा दखलपात्र धरलेला नाही, म्हणजे तिथे डोंगर आणि समुद्र एकाच खणात पडतात. आचार्य अत्र्यांच्या आत्मचरित्राच्या नावातच 'कऱ्हा' आहे. लक्ष्मण देशपांडे यांच्या गाजलेल्या एकपात्री प्रयोगाच्या नावातच 'वऱ्हाड' आहे. ही नावे तीन रीतींनी टंकली जाऊ शकतात हे ज्या ग्रंथसूचीकाराला माहीत नाही, त्याच्या सूचीत पुस्तक असूनही सापडणार नाही. बोलींचा अभ्यास करणारा विद्यार्थी एखाद्या मोठ्या संग्रहात 'ऱ्ह' किती वेळा येतो हे मोजायला बसला, तर त्याचा निष्कर्ष भाषेविषयीचा असणार नाही. तो टंकणाऱ्यांच्या कळफलकाविषयीचा असेल. आणि आज भाषेची प्रारूपे अशाच संग्रहांवर शिकवली जातात. मराठी ती जशी सापडेल तशीच शिकणार.

या सगळ्यावर काहींचा तिसरा पवित्रा असतो: हे परक्यांचे, नाहीतर हिंदीवाल्यांचे कारस्थान आहे. आम्हांला तो मान्य नाही. इस्की भारतात झाली. तिच्या वापराचे मोठे काम १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेत झाले, आणि ती संस्था पुण्यात आहे. विद्येच्या माहेरघरात अक्षरांचा हिशेब मांडला जात असताना मराठीच्या विद्यापीठीय विभागांत त्यावर एखादा गाजलेला वाद झाला, एखादा प्रबंध सिद्ध झाला, असे दिसत नाही. एकेकाळी सावरकरांच्या 'अ'च्या बाराखडीवर या भाषेत केवढे रान उठले होते! लिपिसुधारणेवर हिरिरीने भांडणारी परंपरा अक्षरे आकड्यांत उतरताना गप्प राहिली. तमिळांनी तसे केले नाही. १९९९ साली चेन्नईत परिषद भरवून त्यांनी आपल्या संकेतावल्या आणि कळफलक ठरवले. युनिकोडमधली आपल्या लिपीची मांडणी अपुरी वाटली, तेव्हा तमिळनाडू शासनाने २०१० साली स्वतःच्या सोळा बिटांच्या संकेतावलीला आदेशाने मान्यता दिली. ती जगभर रुजली नाही हे खरे; पण वाद घातला गेला, आणि भाषेच्या माणसांनी घातला.

सगळीच दुखणी संकेतावलीची नसतात, हेही सांगायला हवे. मराठी वळणाचा ल आणि मराठी वळणाचा श पडद्यावर हिंदी वळणाचे दिसले, की आपल्याकडे युनिकोडला दोष देतात. तो दोष फॉन्टचा असतो. अक्षर तेच, क्रमांक तोच, वळण वेगळे; चांगला फॉन्ट मजकूर मराठी असल्याचे कळताच मराठी वळण देऊ शकतो. अक्षर आणि अक्षराचे वळण यांतला हा भेद लिपी शिकवणाऱ्याने नाही सांगायचा तर कुणी सांगायचा?

या भेदाकडे दुर्लक्ष केल्याचा परिणाम आमच्या तिन्ही शहरांतल्या डीटीपी केंद्रांत आणि महाविद्यालयांच्या कपाटांत साठून राहिला आहे. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वीच्या दोन दशकांत मराठी अक्षरजुळणी प्रामुख्याने अशा फॉन्टांत झाली, ज्यांत रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी वळणे बसवलेली होती. एका फॉन्टातला क दुसऱ्यात भलत्याच ठिकाणी. फॉन्ट गेला, की मागे उरतो रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. कितीतरी स्मरणिका, नियतकालिके, प्रबंध, स्थानिक इतिहासाची टिपणे अशा फाइलींत अडकून पडली आहेत. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख आजही लिपीच्या जाणकाराला वाचता येतो. त्याच गावात १९९८ साली टंकलेली एखादी स्मरणिका मात्र तिच्या फॉन्टाशिवाय उघडत नाही. दगडाने साडेनऊशे वर्षे जे सांभाळले, ते पंचवीस वर्षे सांभाळणे आपल्या संकेतांना जमले नाही.

मग करायचे काय? 'अर्ध्या र ला नवी स्वतंत्र जागा द्या' अशी मागणी आम्ही करणार नाही. ती १९८८ साली व्हायला हवी होती. आता ती मान्य झाली, तर तीन घरांचे चौथे होईल, आणि जुना मजकूर आहे तसाच राहील. आमच्या मागण्या साध्या आहेत. ऱ आणि हलन्त ही एकच रीत प्रमाण मानावी आणि शासनाच्या लेखननियमांत ती आकड्यांसकट लिहावी. ऱ्हस्व-दीर्घाचे नियम आपण लिहितो, तसाच हाही शुद्धलेखनाचा नियम आहे. 'ॲ'च्या बाबतीतही तेच. जुन्या फॉन्टांच्या रूपांतराची कोष्टके खुली व्हावीत आणि ज्यांना ते फॉन्ट बोटांनी पाठ आहेत अशी माणसे निवृत्त होण्यापूर्वी महाविद्यालयांनी आपापल्या फाइली युनिकोडमध्ये आणाव्यात. उल्हासनगरसारख्या ठिकाणी जी ग्रंथालये सिंधी पुस्तकांची देवनागरी सूची ठेवतात, त्यांनी चार अक्षरांच्या जुन्या नोंदी तपासून घ्याव्यात. आणि एम. ए.च्या अभ्यासक्रमात लिपिविचाराच्या घटकात मोडी, बाळबोध आणि लिपिसुधारणा यांच्यानंतर संकेतावलीचे एक प्रकरण असावे, ज्यावर परीक्षेत प्रश्न येईल. परीक्षेत येत नाही ते आपल्याकडे शिकवले जात नाही, हे वेगळे सांगायला नको.

हे काम अभियंत्यांचे नाही, असे आम्ही म्हणत नाही. पण 'दऱ्या'मधला द लघू का राहतो, हे अभियंत्याला कुणीतरी सांगावे लागते. एपीएलच्या चिन्हांसाठी ते सांगणारे होते. मराठीच्या र साठी ते कोण, याचे उत्तर मराठीच्या विभागांनी द्यायचे आहे.